तळ्याचा आकडा

आमच्या तळ्याचं पाणी शहराच्या नळांना जातं, आणि त्या पाण्यात प्राणवायू किती आहे हे रोज सकाळी मोजून कळवणं हे माझं काम. अकरा वर्षं करतेय. कुणाला सांगितलं की हमखास ऐकायला मिळतं, पाण्यात कसला आलाय प्राणवायू, तो तर हवेत असतो. मग मी विचारते, मासे काय नाक वर काढून जगतात? बहुतेक लोक इथे विषय बदलतात. माझी धाकटी बहीण तर सगळ्यांना सांगते, ताई तळ्याचा ताप बघते. सांगू दे.

काठापासून शंभर पावलं आत एक गोल मनोरा आहे आणि तिथवर जायला लोखंडी पूल. मनोऱ्याच्या पोटात एकाखाली एक अशा तीन झडपा. ज्या थराचं पाणी चांगलं त्या थराची झडप उघडायची. प्राणवायू लिटरमागे चार मिलिग्रॅमच्या खाली गेला की पाण्याला वास सुटतो, गंजलेल्या लोखंडासारखा, आणि मग शहरातल्या प्रत्येक स्वयंपाकघरातून आमचा उद्धार होतो. म्हणून रोज मोजायचं.

माझं मीटर हातात मावणारं आहे, पिवळं, एका कोपऱ्याला चिकटपट्टी मारलेलं. त्याला लांब केबल आणि केबलच्या टोकाला अंगठ्याएवढा प्रोब. प्रोबच्या तोंडावर कांद्याच्या पापुद्र्यासारखा पातळ पडदा असतो. त्या पडद्यातून प्राणवायू आत शिरतो आणि वर आकडा उमटतो. यात एक गंमत आहे. हा प्रोब मोजता मोजता स्वतःच थोडा प्राणवायू खातो. म्हणून तो पाण्यात सारखा वर-खाली हलवत राहायचा, म्हणजे त्याच्या तोंडाशी नवं पाणी येतं. एका जागी स्थिर धरलात तर तो समोरचं खाऊन संपवतो, आणि पाणी होतं तसंच असूनही आकडा खाली खाली येत जातो. या कामाचा हा पहिला धडा. नवशिक्यासुद्धा दोन दिवसांत शिकतो.

आकडा मिळाला की मनोऱ्यावरच्या खोलीत यायचं. तिथे भिंतीवर एक फोन आहे. तो उचलला की सरळ मुख्य कार्यालयात, नोंदींच्या टेबलावर वाजतो. दुसरीकडे कुठे लागतच नाही. त्या टेबलावर नोंदवाले बसायचे. पहिल्यांदा मी त्यांना साहेब म्हटलं तेव्हा ते म्हणाले होते, "साहेब कसला, मी नोंदवाला." तेव्हापासून मी त्यांना नोंदवालेच म्हणायचे, आणि ते मला मीटरबाई.

आठ वाजून दहा मिनिटांनी त्यांचा आवाज यायचा, "बोला मीटरबाई." मी म्हणायचे, "सहा पॉइंट आठ." ते सावकाश लिहायचे, वाचून दाखवायचे, आणि मग घसा खाकरून विचारायचे, "आणि पाणी कसं आहे?" आता आकडा सांगून झाल्यावर पाणी कसं आहे ते वेगळं काय सांगायचं? पण मी सांगायचे. आज वारा आहे. आज पाणी हिरवट दिसतंय. आज बगळे आले नाहीत. मग ते त्यांच्या गुडघ्याबद्दल एखादं वाक्य बोलायचे, किंवा मुलीबद्दल. बायको गेल्यावर मुलगीच त्यांचं सगळं होती, आणि तीही लग्न होऊन रात्रभराच्या प्रवासाइतकी लांब गेलेली. दोन मिनिटं, फार तर अडीच. मग "बरंय तर" म्हणून फोन ठेवायचा.

मी त्यांना कधी पाहिलं नाही. कार्यालय बसने तासाभरावर, पण माझं तिथे काही कामच निघालं नाही. पगार बँकेत येतो, कागद टपालाने येतात. माझं लग्न जमलं नाही, आणि नंतर मीच जमवलं नाही. तळ्याकाठच्या दोन खोल्यांत मी राहते. संध्याकाळी पहारेकरी येतो, पण बोलण्याच्या बाबतीत तो इतका चिक्कू की "हं" सुद्धा अर्धाच म्हणतो. रविवारी बहिणीचा फोन येतो, तेव्हा ती बोलते आणि मी ऐकते. तेव्हा खरं सांगायचं तर आठवडाभरात मी जे काही बोलायचे ते सकाळी आठ दहाला. दुधाची तहान ताकावर भागवणं म्हणा हवं तर. मला ते ताक पुरत होतं.

आणि मग सेन्सर आला.

मनोऱ्याच्या भिंतीवर बसवायचा, कायमचा पाण्यात राहणारा, दर पंधरा मिनिटांनी आपला आकडा आपणच कार्यालयात पाठवणारा. तो बसवायला आलेला इंजिनियर फार उत्साही होता. म्हणाला, "हा प्रकाशाने मोजतो, बाई. प्राणवायू खात नाही, हलवायला नको, काही नको." सेन्सर मुठीएवढा आणि त्याची पेटी कपाटाएवढी, नाकापेक्षा मोती जड. मी म्हटलं, नव्याचे नऊ दिवस. तो हसला. पाठोपाठ परिपत्रक आलं. सेन्सरचा आणि हातमीटरचा आकडा रोज ताडून पाहावा. सलग तीन दिवस फरक पॉइंट तीनच्या आत आला, तर हातमीटरची मोजणी आणि फोनवरची नोंद बंद करावी, व मनोऱ्यावरील दूरध्वनी काढून घ्यावा.

माझी नोकरी जाणार नव्हती. झडपांना वंगण, पुलाची देखभाल, पाण्याची पातळी, कामं होतीच. जाणार होता तो फक्त फोन. परिपत्रक दोनदा वाचून मी घडी घालून ठेवलं आणि त्या दिवशी जेवले नाही.

कुणी म्हणेल, मग त्यांचा स्वतःचा नंबर मागून घ्यायचा. सोपं आहे ना? अकरा वर्षांत मागितला नाही तो आता काय म्हणून मागायचा? पन्नाशी उलटलेल्या बाईने एका विधुराला, जरा तुमचा नंबर द्या हो, मला करमत नाही, असं म्हणायचं? माझी जीभ रेटली नसती. माझा स्वभावच तसा, मोडेन पण वाकणार नाही, आणि त्या स्वभावाने मला आजवर काय मिळवून दिलं ते वर सांगितलंच आहे.

तुलनेच्या पहिल्या दिवशी माझा आकडा सहा पॉइंट आठ, सेन्सरचा सहा पॉइंट नऊ. "जुळलं," नोंदवाले म्हणाले. "अजून दोन दिवस असंच जुळलं की सुटलात तुम्ही." सुटलात! मला इतका राग आला की पाणी कसं आहे ते मी सांगितलंच नाही.

दुसऱ्या दिवशी जे झालं ते मुद्दाम नव्हतं, हे मी शपथेवर सांगते. प्रोब पाण्यात सोडला आणि उरलेल्या दोन दिवसांत नोंदवाल्यांशी काय बोलायचं याचा विचार करत उभी राहिले. काहीतरी चांगलं बोलायला हवं होतं, अकरा वर्षांना शोभेल असं. विचार करता करता हात थांबला. भानावर आले तेव्हा मीटरवर पाच पॉइंट नऊ होतं. माझ्यासारख्या जुन्या खोडाने करावी अशी ती चूक नव्हे. पुन्हा मोजायला हवं होतं. पण आठ दहा होऊन गेले होते. मी धावत जाऊन तोच आकडा सांगितला.

"सेन्सर सहा पॉइंट आठ म्हणतोय," ते म्हणाले. "जुळत नाही की हो. पुन्हा पहिल्यापासून तीन दिवस मोजावे लागणार."

आणि मला आनंद झाला. लाज वाटेल इतका आनंद झाला.

तिसऱ्या दिवशी मी प्रोब पाण्यात सोडला आणि मुद्दाम हात कठड्याला टेकवून ठेवला. आकडा उतरत गेला, सहा पाच, सहा दोन, पाच नऊ. मी खोटा आकडा सांगत नव्हते, मीटर दाखवत होतं तोच सांगत होते. स्वतःला असंही समजावलं की पाच नऊ काय आणि सहा आठ काय, चारच्या वर आहे ना, मग झडपही बदलायची नाही आणि कुणाचं पाणीही बिघडायचं नाही. पळवाट शोधणाऱ्याला दारं पुष्कळ.

चौथ्या दिवशी त्यांनी आकडा लिहून घेतला, वाचून दाखवला. मग विचारलं, "पडदा बदललात का?"

"बदलला."

"पडद्याच्या आत द्रव भरलाय नीट? बुडबुडा नाही ना?"

"नाही."

"हात दुखतोय का तुमचा, मीटरबाई?"

चोराच्या मनात चांदणं. पण त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, उलट जरा मऊच. मी म्हटलं, थोडा दुखतो. ते म्हणाले, "जपा," आणि मग स्वतःचंच सांगत बसले. टेबलावर येण्याआधी दोन वर्षं तेही होडीतून असंच मीटर घेऊन फिरले होते. उन्हाने मान सोलून निघायची, आणि होडीवाला सारखा एकच गाणं म्हणायचा, तेही चुकीच्या चालीत. मी हसले. त्या दिवशी आम्ही सात मिनिटं बोललो. अकरा वर्षांतलं सगळ्यात लांब बोलणं ते. मी दिवसभर पुलाचे खिळे तपासत होते आणि हसत होते. होडीतली त्यांची दोन वर्षं ऐकून मला काही सुचायला हवं होतं, पण आनंदात माणसाची अक्कल गहाण पडते.

पुढचे आठ दिवस माझ्या आयुष्यातले फार चांगले दिवस होते. फरक पडतोय म्हटल्यावर बोलायला निमित्तच निमित्त. पाण्याचं तापमान किती, प्रोब किती खोल सोडला, आकाश कसं होतं. तिथून गाडी कुठेही जायची. त्यांना कारल्याच्या वेलाचा नाद आहे हे मला कळलं, आणि मला अंधारात जिना उतरायची भीती वाटते हे त्यांना. इंजिनियर येऊन सेन्सर घासूनपुसून तपासून गेला. "आमचा ठणठणीत आहे, बाई. तुमचं मीटर म्हातारं झालंय." मी म्हटलं, "मीही झालेय, मला कुठे बदलता?" रविवारी बहीण म्हणाली, "ताई, आज तुझा आवाज वेगळाच लागतोय. काय विशेष?" मी तोंडात मिठाची गुळणी धरली.

बाराव्या दिवशी मी आकडा सांगितला, त्यांनी लिहून घेतला, घसा खाकरला आणि म्हणाले, "मीटरबाई, मी आजोबा झालो. नात झाली."

"अय्या! कधी?"

"आज सहा दिवसांची झाली."

"आणि तुम्ही इथे काय करताय? जायचं नाही का?"

"जायचंय की. रजेचा अर्ज मंजूर आहे. रजा संपली की लगेच निवृत्ती, म्हणजे गेलो की तिकडेच राहायचं. लेकीने खोलीसुद्धा लावून ठेवलीय." ते हसले. "साहेब म्हणतात, तळ्याची तुलना तुमच्या नावावर आहे, ती मिटवा आणि जा. होईल हो. मिटेल कधीतरी. पाणी कसं आहे?"

पाणी कसं होतं ते मला आठवत नाही. काहीतरी सांगितलं असेन.

फोन ठेवून मी पुलावर येऊन बसले. आठ दिवसांत मी किती हसले होते ते सगळं मला आठवत होतं, आणि प्रत्येक हसण्याबरोबर ते सहा दिवसांचं बाळ. मी माझ्या दोन मिनिटांसाठी एका माणसाला त्याच्या नातीपासून अडवून धरलं होतं. कठड्याला हात टेकवून, शांतपणे, रोज. मला माझी किळस आली. आणि तरी, त्याच वेळी, मनातून एक आवाज म्हणत होता, अजून एकच दिवस. तोही सांगून टाकते, उगाच साळसूदपणा नको.

तेराव्या दिवशी मी प्रोब नीट हलवला, शिकवल्यासारखा, सावकाश वर-खाली. सहा पॉइंट सात. सेन्सरही सहा पॉइंट सात. "जुळलं," ते म्हणाले. मग मीच म्हटलं, "मीटर सुधारलं वाटतं." "असं होतं कधी कधी," ते म्हणाले.

चौदाव्या दिवशी पुन्हा जुळलं. त्या दिवशी ते घाईत होते, मागे कुणीतरी हाका मारत होतं. "उद्या बोलूच," म्हणाले.

त्या रात्री मी स्वभाव मोडायचं ठरवलं. उद्या शेवटचा फोन, उद्या नंबर मागायचा. वाक्य तयार केलं, चहा करताना म्हणून पाहिलं, आरशासमोर म्हणून पाहिलं. 'नोंदवाले, तुम्ही गेल्यावरही मला तळ्याबद्दल कुणाला तरी सांगावंसं वाटेल. तुमचा नंबर द्याल?' बरं वाटलं ऐकायला. आणि त्याआधी दुसरं वाक्य, की प्रोब मीच स्थिर धरत होते, माफ करा. ते म्हणायला जास्त वेळ लागला.

पंधराव्या दिवशी आकडा आला सहा पॉइंट आठ. आठ दहाला मी फोन उचलला.

"हॅलो, नोंद विभाग." मुलीचा आवाज. चटपटीत.

"नोंदवाले कुठायत?"

"कोण? अच्छा, काका! ते गेले ना कालच. रात्रीच्या गाडीचं तिकीट अचानक मिळालं. दोन दिवस जुळलंय, तिसरा तू बघ म्हणाले. तुमचं कुठलं केंद्र?"

"तळं."

"हां, आकडा सांगा."

मी सांगितला. बटणांचा आवाज आला. "जुळला. उद्यापासून फोन करायचा नाही हं, मावशी."

"माझ्यासाठी काही निरोप?"

"निरोप? नाही. तसं काही म्हणाले नाहीत."

दोन्ही वाक्यं माझ्या तोंडात तशीच राहिली. 'बरंय तर' म्हणून मी फोन ठेवणार होते.

"थांबा, थांबा," ती म्हणाली. "फाईल बंद करायला मधल्या फरकाचं कारण टाकावं लागतंय, आणि काकांनी तो रकाना मोकळाच सोडलाय. नुसता एक शेरा आहे, तोही चौथ्या दिवसाचा. वाचू का? 'मीटर ठीक आहे. सेन्सर ठीक आहे. बाईंना घाई करू नये.' हे काय हो, मावशी? याचा अर्थ काय?"

चौथ्या दिवशी. हात दुखतोय का, असं विचारलं त्या दिवशी. त्यांना कळलं होतं. दोन वर्षं होडीत ज्याने प्रोब हलवला त्याला कसं कळणार नाही? कळलं, आणि त्यांनी ते लिहून ठेवलं, आणि मग रोज फोन उचलून मला तापमान विचारलं, आकाश विचारलं. नात झाली तरी थांबले. मी त्यांना अडवलंय असं मला वाटत होतं, आणि ते माझ्यासाठी थांबलेले होते, एक शब्द न बोलता. मला रडू फुटलं. त्या अनोळखी मुलीच्या कानात मी रडले.

"मावशी? अहो, काय झालं?"

मग मी तिला सांगितलं. प्रोब कसा खातो, स्थिर धरला की काय होतं, मी का धरला. सांगून संपल्यावर ती म्हणाली, "पण मावशी, इथे यादीत तीनच कारणं आहेत. मीटर बिघाड, सेन्सर बिघाड, मानवी चूक."

"मानवी चूक टाका."

"टाकते. पण तुलना काकांच्या नावावर आहे, म्हणजे चूक त्यांच्या नावावर पडेल. निवृत्तीच्या कागदांबरोबर जाईल ती."

"नाही," मी ओरडलेच. "त्यांच्या नावावर नाही. माझ्या."

"मग तुम्हाला इथे येऊन लेखी द्यावं लागेल. आणि चौकशी लागेल, मावशी, उगाच कशाला..."

"लागू दे. फाईल बंद करू नका. मी येते, आजच येते."

"या मग. दुसरा मजला, खिडकीजवळचं टेबल."

मीटर पुसून पेटीत ठेवलं, खोलीला कुलूप लावलं आणि पुलावरून बसथांब्याकडे निघाले. अकरा वर्षांत पहिल्यांदाच मी त्यांच्या टेबलापाशी जाणार होते, आणि आता ते तिथे नसणार होते.